जंगल कामगार सहकारी संस्था : भागधारणा आणि व्यवस्थापनाचा मोबदला

जंगलातील लाकूडतोड, घडाई, वाहतूक आणि विक्री ही कामे ठेकेदाराच्या मध्यस्थीवाचून स्वतः करण्यासाठी जंगल कामगारांनी भाग घेऊन स्थापन केलेली सहकारी संस्था, म्हणजे जंगल कामगार सहकारी संस्था होय. तत्कालीन मुंबई प्रांतात १९४७ पासून अशा संस्था निघू लागल्या. ठाणे, नासिक व पश्चिम खानदेश या जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत, तसेच आजच्या गुजरातमधील पंचमहाल, सुरत व डांग या प्रदेशांत त्यांचा विशेष प्रसार झाला. नैसर्गिक संपत्तीवर चालणाऱ्या लहान उद्योगात मालकीचे भाग कोणाकडे असावेत, व्यवस्थापन करणाऱ्यास किती मोबदला मिळावा आणि तो कशाच्या प्रमाणात असावा, हा प्रश्न खाणकंपन्यांच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. तोच प्रश्न या संस्थांच्या रूपाने सातपुडा व सह्याद्रीच्या जंगलात वेगळ्या पद्धतीने सोडविण्याचा प्रयत्न झाला. त्या प्रयत्नाचे यश व मर्यादा या दोन्हींमुळे त्याचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

प्रादेशिक पार्श्वभूमी : नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे गाव सुरत-धुळे महामार्गावर, कोंडाईबारी घाटाच्या पश्चिमेस वसलेले आहे. घाट उतरून गुजरातकडे जाणारा माल पूर्वीपासून याच वाटेने जात असे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पश्चिम खानदेश हा जिल्हा अस्तित्वात आला. तोच पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. नवापूर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भिल्ल, मावची, गावित व कोकणा या येथील प्रमुख आदिवासी जमाती होत. पानझडी जंगलातील साग हे या प्रदेशाचे मुख्य वनोत्पन्न असून त्याखेरीज खैर, तिवस, धावडा, ऐन (सादडा) यांचे लाकूड, तसेच जळाऊ लाकूड व कोळसा यांचा व्यापार येथे चालत असे.

१८७८ च्या वनकायद्याने बहुतेक चांगली जंगले राखीव झाली व आदिवासींचे परंपरागत हक्क शासनाने दिलेल्या सवलतींच्या पातळीवर आले. यानंतर जंगलाचा आर्थिक उपयोग ठरावीक पद्धतीने होऊ लागला. वनखाते जंगलाचे ‘कूप’ नावाचे तुकडे पाडी, त्यांतील तोडावयाच्या झाडांवर छाप मारी आणि कूप लिलावाने ठेकेदारास विकी. ठेकेदार मजुरांच्या टोळ्या लावून माल काढी व तो नवापूर, नंदुरबार यांसारख्या रेल्वेस्थानकांकडे नेई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग बांधला गेला आणि खानदेश व डांग येथील सागाला सुरत-मुंबईची बाजारपेठ जवळ आली. लाकडाची किंमत वाढली. परंतु तोडणाऱ्याच्या मजुरीत त्या प्रमाणात वाढ झाली नाही.

व्यवस्थापन अभिकरण पद्धती : तापी खोऱ्यातील हा लोहमार्ग ज्या ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने बांधला, तिचे व्यवस्थापन मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी या पेढीकडे होते. अशा पेढ्यांना व्यवस्थापन अभिकर्ते म्हणत. त्या काळच्या भारतातील कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी, चहाचे मळे व लहान रेल्वे कंपन्या बहुधा याच पद्धतीने चालत. भाग अनेकांनी विकत घ्यावयाचे, कारभार मात्र दीर्घ मुदतीच्या कराराने एका पेढीने पाहावयाचा, अशी ही व्यवस्था होती. भांडवल व अनुभव या दोहोंची टंचाई असताना या पेढ्यांनी उद्योग उभे केले, हे त्यांचे श्रेय होय. तथापि त्यांचा मोबदला अनेकदा नफ्यावर न ठरता विक्रीवर किंवा उत्पादनावर ठरे. त्यामुळे भागधारकांना लाभांश मिळाला नाही, तरी अभिकर्त्याचे कमिशन चालू राही. कंपनीत स्वतःचे अल्प भाग असूनही कराराच्या बळावर पूर्ण नियंत्रण ठेवता येत असे.

या विसंगतीवर कायद्याने हळूहळू बंधने आणली. १९३६ च्या दुरुस्तीने अभिकरणाची मुदत २० वर्षांपर्यंत मर्यादित केली आणि मोबदला निव्वळ नफ्याच्या टक्केवारीत असावा, हे तत्त्व घातले. १९५६ च्या कंपनी कायद्याने सार्वजनिक कंपनीच्या एकूण व्यवस्थापकीय मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली. व्यवस्थापन अभिकर्त्यासाठी ती १० टक्के होती. नफा नसेल किंवा अपुरा असेल, तर वार्षिक ५० हजार रुपयांपर्यंत किमान मोबदला देण्याची तरतूद होती. अखेर ३ एप्रिल १९७० पासून व्यवस्थापन अभिकरण पद्धतीच रद्द झाली. ११ टक्क्यांचे प्रमाण मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यातही कायम राहिले.

जंगलातील ठेकेदार हा कायद्याच्या दृष्टीने व्यवस्थापन अभिकर्ता नव्हता. तरीही दोघांच्या स्थितीत साम्य होते. पहिला दुसऱ्यांच्या भांडवलावर, तर दुसरा दुसऱ्यांच्या श्रमावर व शासनाच्या जंगलावर नियंत्रण ठेवी, आणि मिळकतीचा पहिला वाटा दोघेही स्वतःकडे घेत. फरक इतकाच, की कंपनीच्या भागधारकास निदान कागदोपत्री मालकी होती. कूपात कुऱ्हाड चालविणाऱ्यास तीही नव्हती.

संस्थांचा उगम : १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची पाहणी केली. सावकार, जमीनदार व जंगलाचे ठेकेदार यांच्याकडून होणारी पिळवणूक, अल्प मजुरी, उचलीच्या रकमेत अडकलेली कुटुंबे आणि वेठबिगारीचे प्रकार त्याच्या अहवालातून शासनापुढे आले. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यामुळे पुढील कार्यवाही लांबली. १९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आल्यानंतर ठेकेदाराच्या जागी कामगारांचीच संस्था आणण्याचे धोरण स्वीकारले गेले. ठक्करबाप्पा यांनी १९२२ मध्ये दाहोद येथे स्थापन केलेले भील सेवा मंडळ आणि त्याच प्रेरणेने काम करणाऱ्या इतर सेवासंस्था यांचे कार्यकर्ते या कामी उपयोगी पडले. सहकारी संस्थेची नोंदणी, जमाखर्च व वनखात्याशी पत्रव्यवहार या गोष्टी निरक्षर सभासदांना एकदम जमणे शक्य नव्हते. म्हणून संस्था उभी करणारी व मार्गदर्शन करणारी ‘प्रवर्तक संस्था’ असावी, अशी योजना होती.

शासनाने या संस्थांना दिलेली सर्वांत महत्त्वाची सवलत म्हणजे लिलावावाचून कूप देणे ही होय. वनखात्याने ठरविलेल्या किमान किंमतीला संस्थेस कूप मिळे. त्यामुळे धनिक ठेकेदारांशी बोलीची स्पर्धा करण्याचे कारण उरले नाही. पुढील काळात कूप विकत देण्याऐवजी संस्थेने माल काढून द्यावा, त्याची विक्री वनखात्याच्या देखरेखीखाली व्हावी आणि खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात शासन व संस्था यांचा वाटा असावा, अशी पद्धत रूढ झाली. यामुळे बाजारभाव पडल्यास येणारा तोटा संस्थेच्या एकटीच्या अंगावर पडेनासा झाला. मात्र भाव चढल्यास होणाऱ्या लाभाचा मोठा वाटाही शासनाकडे गेला.

भागभांडवल व मताधिकार : या संस्था प्रथम १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखाली व नंतर २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदल्या गेल्या. कंपनी व सहकारी संस्था यांतील मूलभूत भेद भागांच्या स्वरूपात आहे. कंपनीत भागागणिक मत असते. म्हणून निम्म्याहून अधिक भाग जमविणाऱ्याच्या हाती कंपनी जाते. सहकारी संस्थेत भाग कितीही असले, तरी सभासदास एकच मत असते. अधिनियमानुसार कोणाही एका सभासदास एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून अधिक भाग धारण करता येत नाहीत. शासनासारख्या धारकांस यातून सूट आहे. निव्वळ नफ्याचा किमान एक-चतुर्थांश भाग राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांशावर कमाल मर्यादा आहे. ती साधारणतः १५ टक्के आहे. भागाची किंमत बाजारात चढत-उतरत नाही. सभासदत्व सोडताना बहुधा दर्शनी मूल्यच परत मिळते. भागांची सट्टेबाजी यात संभवत नाही.

जंगल कामगारास परवडावा म्हणून भाग काही थोड्या रुपयांचा ठेवण्यात येई. यातून मालकी सर्वांच्या आवाक्यात आली, पण भांडवल मात्र अपुरे राहिले. समजा, २०० सभासदांनी प्रत्येकी ५ रुपयांचा एक भाग घेतला. संस्थेचे भागभांडवल १,००० रुपये होईल. त्यावर १५ टक्के या कमाल दराने लाभांश दिला, तरी सर्व सभासदांत मिळून वर्षाला १५० रुपये वाटले जातील व एकेकाच्या वाट्यास ७५ पैसे येतील. याच संस्थेने दरमहा १५० रुपयांवर एक सचिव नेमला, तर त्याचे वर्षाचे १,८०० रुपये होतात. म्हणजे एकूण लाभांशाच्या १२ पट. हे आकडे उदाहरणापुरते असले, तरी त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : या संस्थेत भाग हे मिळकतीचे साधन नव्हते, तर कामाच्या हक्काचे व मताच्या हक्काचे चिन्ह होते. सभासदाची खरी मिळकत मजुरीच्या दरातून, कामाच्या दिवसांतून आणि वर्षअखेरीस मजुरीच्या प्रमाणात मिळू शकणाऱ्या बोनसमधून येई. संस्थेच्या यशापयशाचे मोजमाप म्हणूनच लाभांशावरून करता येत नाही.

कामाची पद्धत : पावसाळा संपल्यावर कूपाचे काम सुरू होई व ते उन्हाळ्यापर्यंत चाले. वनखात्याचा छाप असलेली झाडे तोडणे, फांद्या छाटणे, लाकडाची घडाई करणे, इमारती व जळाऊ माल वेगळा करून थप्प्या लावणे, निरुपयोगी लाकडाचा कोळसा पाडणे आणि बैलगाड्यांनी व पुढे मोटारींनी माल वखारीपर्यंत नेणे, असे कामाचे टप्पे असत. मजुरी बहुधा कामाच्या मापावर दिली जाई. लाकडाची लांबी व घेर घेऊन घनफळ काढले जाई आणि त्यावरून मजुरी, वाहतूकखर्च व विक्रीची रक्कम ठरे. माप घेणारा व ते वहीत उतरविणारा मनुष्य त्यामुळे संस्थेतील सर्वांत महत्त्वाचा मनुष्य ठरला. ज्याला वही वाचता येत नाही, त्या मालकाला आपली मालकी दुसऱ्याच्या डोळ्यांनीच पाहावी लागते.

हंगामाच्या प्रारंभी रोख रकमेची मोठी गरज लागे. कूपाच्या किंमतीचा हप्ता, मजुरांची आगाऊ उचल, गाडीभाडे, हत्यारे व धान्य यांसाठी पैसा आधी घालावा लागे. मालाची विक्री होऊन पैसा हाती येई तो कित्येक महिन्यांनी. भागभांडवल या गरजेच्या मानाने नगण्य होते. मध्यवर्ती सहकारी बँकांची कर्जे, शासकीय साहाय्य व शासनाने घेतलेले भाग यांतून काही भाग भागे. उरलेली तूट ज्याच्याकडून भरून निघे, त्याचा शब्द संस्थेत चाले. काही संस्थांमध्ये जुने लाकूड-व्यापारीच पडद्याआडून रक्कम पुरवीत व मोबदल्यात माल आपल्याकडे वळवीत, ही या चळवळीवरील जुनी टीका आहे.

व्यवस्थापनाचा मोबदला : संस्थेचा कारभार सभासदांनी निवडलेल्या व्यवस्थापन समितीकडे असे. समितीचे सभासद मानद असून त्यांना बैठकीचा भत्ता व प्रवासखर्च मिळे. सचिव, कूप-व्यवस्थापक व हिशेबनीस हे मात्र पगारी असत. पहिल्या पिढीत सेवासंस्थांचे कार्यकर्ते अल्प मानधनावर ही कामे करीत. ही व्यवस्था सेवाभावावर आधारलेली होती आणि तो भाव असेपर्यंत ती उत्तम चालली. पुढे मात्र तिचे दोन दोष दिसून आले. एक म्हणजे, मानधन अल्प असल्यामुळे कुशल व्यवस्थापक टिकून राहीनात. दुसरा दोष असा, की ज्यांच्या हाती माप, वही व विक्री होती, त्यांचा अधिकृत मोबदला आणि प्रत्यक्ष सत्ता यांत मोठे अंतर पडले. अल्प पगार व विपुल अधिकार यांची जोडी कोणत्याही संस्थेत प्रलोभनास वाट करून देते.

मोबदला नफ्याशी जोडावा, असा उपाय कंपन्यांमध्ये केला जातो. जंगल कामगार संस्थेत त्याची अडचण अशी, की नफा वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग मजुरी कमी करणे हाच असतो. व्यवस्थापकाचा मोबदला नफ्यावर ठरविल्यास तो आणि सभासद यांचे हितसंबंध जुळण्याऐवजी परस्परविरोधी होतात; कारण येथे मालक व मजूर एकच असतात. मोबदला विक्रीच्या रकमेवर ठरविल्यास अधिकाधिक झाडे तोडण्याकडे कल वाढतो व जंगलाची हानी होते. ठरावीक पगार, मजुरीच्या दरावर वनखात्याची देखरेख, सहकार खात्याकडून वार्षिक लेखापरीक्षण आणि नफ्याचा काही भाग सभासदांच्या कल्याणकार्यासाठी राखून ठेवणे, हा मार्ग म्हणूनच पसंत करण्यात आला. त्यातून शाळा, वसतिगृहे, दवाखाने व धान्यदुकाने यांसारख्या कामांना मदत झाली.

प्रवर्तकांचा प्रश्न : संस्थेत कामगारांखेरीज काही सहानुभूतिदार सभासदही घेतले जात. यामागील हेतू मार्गदर्शनाचा होता. परंतु लिहिता-वाचता येणारा, तालुक्याच्या कचेरीत वावरणारा सभासद अल्पावधीतच पदाधिकारी होई व बिगर-आदिवासी मंडळींचे वर्चस्व दीर्घकाळ टिकून राही. प्रत्येकास एक मत या नियमाने भांडवलाचे वर्चस्व टळले; साक्षरतेचे व ओळखीपाळखीचे वर्चस्व मात्र टळले नाही. कंपनीत बहुसंख्य भागांनी जे साधते, ते येथे हिशेबाच्या ज्ञानाने साधले गेले. असे असले, तरी या संस्थांमधूनच आदिवासी कार्यकर्त्यांची एक पिढी सभेचे कामकाज, ठराव, निवडणूक व हिशेब शिकून सार्वजनिक जीवनात आली, हा त्यांचा लाभ लाभांशाच्या कोष्टकात न दिसणारा आहे. उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखालील अनुसूचित क्षेत्रे व अनुसूचित जमाती आयोगानेही (१९६०-६१) वनविभागातील सहकारी संस्थांचे महत्त्व मान्य केले होते.

खाणकंपन्यांशी तुलना : भूगर्भातील संपत्तीवर चालणाऱ्या लहान कंपन्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आढळतो. कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत केवळ खनिजांचा शोध घेणाऱ्या अनेक लहान कंपन्या आहेत. त्यांच्याकडे उत्पादन नसल्यामुळे विक्री नसते आणि नफाही नसतो. म्हणून नफ्याच्या टक्केवारीचा नियम त्यांना लागू करता येत नाही. रोख पगार मर्यादित ठेवून अधिकाऱ्यांना ठरावीक किंमतीला भविष्यात भाग घेण्याचा विकल्प देण्याची प्रथा तेथे रूढ झाली. कॅनडातील लहान कंपन्यांच्या भागबाजारात असे विकल्प बहुधा एकूण भागांच्या १० टक्क्यांपर्यंत राखून ठेवता येतात. साठा सापडल्यास अधिकारी व भागधारक दोघांचाही लाभ होतो, हे या पद्धतीचे समर्थन. तथापि नवे भाग काढल्याने जुन्या भागधारकांचा वाटा पातळ होतो आणि भागाची किंमत वाढावी म्हणून आशादायक वार्ता पसरविण्याचा मोह निर्माण होतो. १९९७ मध्ये कॅलगरी येथील ब्री-एक्स या कंपनीचा इंडोनेशियातील सोन्याचा साठा बनावट नमुन्यांवर आधारलेला असल्याचे उघडकीस आले. तत्पूर्वी तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपले भाग मोठ्या प्रमाणावर विकले होते. भागधारणा असली, म्हणजे व्यवस्थापक आपोआप विश्वस्त होतो असे नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले. या घटनेनंतर खनिजसाठ्यांच्या प्रकटीकरणाविषयी कॅनडात कडक नियम करण्यात आले.

भारतात शोधकार्य प्रामुख्याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि १९७२ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेले खनिज समन्वेषण निगम यांसारख्या शासकीय संस्थांनी केल्यामुळे असा भागबाजार येथे वाढला नाही. महाराष्ट्रातील खनिज उद्योगात मालकीचे स्थित्यंतर कसे झाले, याचे ठळक उदाहरण विदर्भातील मँगॅनीजच्या खाणींचे आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश संस्थेचे पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगॅनीज ओअर कंपनीत रूपांतर झाले. १९६२ मध्ये तिच्या मालमत्तेतून मँगॅनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी निघाली. तिचे ५१ टक्के भाग केंद्र शासन, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्याकडे आणि ४९ टक्के भाग मूळ कंपनीकडे राहिले. हे ४९ टक्के भागही १९७७ मध्ये शासनाने घेतले. २०१० मध्ये काही भाग पुन्हा जनतेस विकण्यात आले. या सर्व स्थित्यंतरांत भाग लंडनहून दिल्ली-मुंबई-भोपाळकडे व तेथून भागबाजारात गेले. खाणीत काम करणारा कामगार मात्र बहुतांशी वेतनापुरताच संबंधित राहिला.

आजच्या कायद्यानुसार सार्वजनिक कंपनीस ११ टक्क्यांची मर्यादा ओलांडावयाची असल्यास भागधारकांची संमती घ्यावी लागते. नफा नसलेल्या कंपन्यांसाठी परिणामी भांडवलानुसार मोबदल्याच्या पायऱ्या ठरविलेल्या आहेत. सूचिबद्ध कंपनीस प्रत्येक संचालकाचा मोबदला व कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन यांचे गुणोत्तर जाहीर करावे लागते. कर्मचाऱ्यांना द्यावयाच्या भागविकल्पांचे नियमन १९९९ पासून भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ (सेबी) करीत आहे व प्रवर्तकांना ते दिले जात नाहीत. खाजगी कंपन्या व भागीदारी संस्था मात्र ११ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर राहतात, आणि दगडखाणी व लहान खाणी यांतील बराच मोठा व्यवसाय याच स्वरूपाच्या मालकीत चालतो.

उतरती कळा व नवे प्रयोग : १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ ही शासकीय कंपनी स्थापन झाली आणि काही जंगलांचे काम तिच्याकडे गेले. ‘महामंडळ’ व ‘सहकारी संस्था’ यांतील फरक सभासदांच्या दृष्टीने मोठा होता : एकात भाग शासनाचे व कामगार रोजंदारीचा, दुसरीत भाग कामगाराचे. गौण वनोपज व शेतमाल यांच्या खरेदीसाठी १९७२ मध्ये नासिक येथे आदिवासी विकास महामंडळ सहकारी तत्त्वावर स्थापन करण्यात आले. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनभूमीच्या अन्य वापरावर निर्बंध आले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ठेकेदारांच्या जागी आदिवासी सहकारी संस्था, कामगार सहकारी संस्था व शासकीय महामंडळे यांनी काम करावे, असे स्पष्टपणे म्हटले. परंतु त्याच नीतीने संरक्षणाला उत्पादनाहून अधिक महत्त्व दिल्याने तोडीचे प्रमाण घटत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मंजूर कार्य-आयोजनेखेरीज वृक्षतोड बंद झाली. कूपच कमी झाल्यावर कूपावर जगणाऱ्या अनेक संस्था निस्तेज झाल्या. साधनसंपत्तीवर चालणाऱ्या कोणत्याही लहान संस्थेचे भवितव्य तिच्या कारभाराइतकेच त्या संपत्तीच्या शाश्वतीवर अवलंबून असते, याचा प्रत्यय येथे येतो.

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा १९९६ चा कायदा (पेसा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी या प्रश्नास वेगळी दिशा दिली. वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेस सामूहिक वनहक्क व गौण वनोपजाची मालकी मिळू शकते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये असा हक्क मिळाला व २०११ मध्ये तेथील ग्रामसभेने बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्यास प्रारंभ केला. या व्यवस्थेत भागच नाहीत. गावचा रहिवासी असणे हीच मालकीची अट असल्यामुळे भाग विकणे, गहाण टाकणे किंवा जमविणे संभवत नाही. परंतु माप, वही, लिलाव व विक्री ही कामे ग्रामसभेसही करावीच लागतात आणि ती करणाऱ्यास काय द्यावे, हा जुना प्रश्न तेथेही उभा राहतोच.

मूल्यमापन : या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भागांची वाटणी न्याय्य असली, तरी खेळते भांडवल दुसऱ्याचे असेल, तर नियंत्रण त्या दुसऱ्याकडे जाते. दुसरी, व्यवस्थापकाचा मोबदला नफ्यावर, विक्रीवर वा भागांच्या किंमतीवर ठरविताना तो मोबदला त्याला कोणत्या दिशेने ओढील, याचा विचार आधी करावा लागतो. जंगलात ती दिशा कमी मजुरीची किंवा अधिक तोडीची असू शकते. तिसरी, हिशेब समजणे हे मालकीचेच एक अंग आहे. कंपनीचा भागधारक लेखापरीक्षक व बाजारभाव यांच्यावर विसंबू शकतो. नवापूरच्या जंगलातील सभासदास तशी सोय नव्हती. त्यास भाग मिळाला, मत मिळाले, मजुरीही पूर्वीपेक्षा बरी मिळाली. पण वहीची ओळख सर्वांत उशिरा झाली. जेथे ती लवकर झाली, तेथे संस्था सभासदांच्या हाती राहिली. जेथे ती झाली नाही, तेथे ठेकेदार गेला, तरी त्याची जागा रिकामी राहिली नाही.